पैसा वसूल आणि येणं-जाणं

सहलीहून परत आलेल्या मित्राला आपण विचारतो, 'काय, कशी झाली ट्रिप?' आणि तो म्हणतो, 'एकदम पैसा वसूल!' नाटक बघून आलेला हेच म्हणतो. अनलिमिटेड थाळी खाऊन आलेलाही हेच म्हणतो. मला हा शब्दप्रयोग आवडतो, कारण त्यात ढोंग नाही. पगारातून भाडं आणि ईएमआय वजा जाता जे उरतं, त्यातून आपण चार घटका मजा विकत घेतो. ती पुरेपूर मिळाली की नाही हे बघण्यात गैर काय?

पण 'वसूल' हा शब्द आहे शेतसारा, थकबाकी आणि कर्जाच्या दुनियेतला. वसुली झाली की खातं बंद. मग कोणी कोणाचं काही लागत नाही. इथे मी अडखळतो. एखादं लेणं, एखादी मैफल, एखादं नाटक यांच्याशी आपलं खातं असं बंद होतं का? तिकीट काढलं, बघितलं, फोटो काढले, हिशेब मिटला? की ज्या गोष्टीने आपल्याला आनंद दिला तिचं आपण नंतरही काही देणं लागतो? आणि लागत असू, तर ते फेडायचं कोणाला आणि कसं?

रविवारच्या फिरण्याला एवढं तत्त्वज्ञान कशाला, असं वाटू शकेल. पण आठवड्यातला तो एकच दिवस असा असतो, की कुठे जायचं हे आपलं आपण ठरवतो. बाकीचे दिवस कॅलेंडर ठरवतं. म्हणून हा प्रश्न मला रविवारचाच वाटतो.

*

माझं गाव जामनेर, जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. अजिंठ्याची लेणी आमच्यापासून साधारण तासाभराच्या अंतरावर. इतक्या जवळ राहणारी माणसं लेणी किती वेळा बघत असतील? उत्तर सोपं आहे. जितक्या वेळा पाहुणे येतील तितक्या वेळा.

पुण्याची आत्या आली की अजिंठा. मुंबईचे काका-काकू आले की अजिंठा. हिवाळा असेल तर डब्यात भरीत-पुरी, उन्हाळा असेल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी ठेवायची, तिथून एसटीच्या बसने वर जायचं, पायऱ्या चढताना कोणीतरी 'अजून किती?' विचारायचं, कोणीतरी 'आलंच' म्हणायचं. पाहुणे नसताना 'चला, आज लेणी बघून येऊ' असं आमच्या घरात कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यात आळस नव्हता, भरवसा होता. जवळची गोष्ट कुठे पळून जात नाही. पुढे पुण्यात आल्यावर कळलं, की हे सगळीकडे असंच असतं. शनिवारवाड्यात आयुष्यात न शिरलेले पुणेकर मी पाहिलेत आणि घारापुरीच्या लाँचमध्ये एकदाही न बसलेले मुंबईकरही.

पण पाहुण्यांबरोबरच्या त्या फेऱ्यांमध्ये एक गंमत व्हायची. आत्या विचारायची, 'एवढ्या अंधारात यांनी रंगवलं कसं असेल रे?' आणि जो प्रश्न आम्हाला आधी कधी पडला नव्हता तो आम्हालाही पडायचा. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर गाइड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून उजेड टाकून दाखवायचा, की चेहऱ्यावरचा भाव कसा बदलतो. हे आम्ही आधी पाहिलेलं असायचं. तरी पाहुण्यांचे चेहरे बदलताना बघून आम्ही मूर्तीकडे पुन्हा नव्याने बघायचो.

'पाहुणा' आणि 'पाहणं' हे शब्द दिसायला सख्खे भाऊ वाटतात. व्युत्पत्तीने तसं नाही. पाहुण्याचं मूळ संस्कृतातल्या 'प्राघूर्ण' या शब्दाकडे जातं. पण बोलण्यात राहून राहून त्या दोघांनी परस्पर सोयरीक जमवली आहे, असं मला आपलं वाटतं.

पाहुणा आणि गिऱ्हाईक यांच्यात मात्र फरक आहे. गिऱ्हाईक पैसे मोजतं, म्हणून त्याचा हक्क असतो. पाहुण्याचा हक्क नसतो, त्याचं स्वागत असतं. म्हणूनच पाहुणा चपला दाराबाहेर काढतो, ताटात टाकत नाही, निघताना घरातल्या पोराच्या हातावर काहीतरी ठेवतो. आणि उंबऱ्यापाशी म्हणतो, 'आता तुम्ही या आमच्याकडे.' म्हणजे तो खातं बंद करत नाही, मुद्दाम उघडं ठेवून जातो.

गिऱ्हाईक असण्यात कमीपणा काहीच नाही. माझा पगारच कोणाच्या तरी गिऱ्हाईक असण्यावर चालतो. प्रश्न एवढाच आहे, की आपण फिरायला, बघायला, ऐकायला बाहेर पडतो तेव्हा या दोघांपैकी कोण असतो?

*

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. उभं आयुष्य प्रवासात गेलं, पण 'प्रवासाच्या आठवणी' म्हणून आपण ज्याला म्हणतो तसं त्यांच्याकडे काही नाही. ना बर्फातला फोटो, ना बीचवरचा. ते कुठे 'फिरायला' गेले असतील तर पंढरपूर, शेगाव आणि नातेवाइकांची लग्नं.

त्यांच्याकडे एक आठवण आहे ती मुक्कामी गाडीची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आडगावात जाणारी, रात्रभर तिथेच थांबणारी आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघणारी एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच किंवा देवळाच्या ओट्यावर झोपतात. वडिलांना काही वर्षं अशाच एका गावाची ड्युटी होती. तिथे रात्री जेवणं झाली की मारुतीच्या पारावर चार-सहा म्हातारे डफावर वही म्हणायला बसायचे. वही म्हणजे आमच्या खानदेशातली लोकगीतांची एक परंपरा. पहिल्या रात्री वडील जाऊन बसले ते डासांमुळे झोप येईना म्हणून. नंतर बसत राहिले ते आवडायला लागलं म्हणून.

वडील गात नाहीत. त्यांना ताल धरता येत नाही. ते नुसते बसायचे, ऐकायचे. मी एकदा त्यांना विचारलं, 'तुम्ही तिथे करायचात काय?' ते म्हणाले, 'काही नाही. पण ते गाडी यायची वाट बघायचे.' गाडीला उशीर झाला तर पारावरचे थांबायचे. बदली ड्युटीवर दुसरा कोणी गेला, तर त्याला विचारायचे, 'आपले कंडक्टरभाऊ का नाही आले?'

या आठवणीत मला जे विशेष वाटतं ते असं. वडिलांना ते गाव आठवतं, हे ठीकच. पण त्या गावालाही वडील आठवायचे. पारावर त्यांची एक जागा होती आणि ते नसले की ती रिकामी दिसायची.

*

डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञाने 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या २०११ साली आलेल्या पुस्तकात सुट्टीबद्दल एक कल्पनाप्रयोग सुचवला आहे. समजा, सहल संपताना तुमचे सगळे फोटो आणि व्हिडिओ नष्ट होणार आहेत. वर तुम्हाला एक औषध दिलं जाईल, ज्याने त्या सहलीची सगळी आठवण पुसली जाईल. आता तुम्ही तीच सहल निवडाल का?

आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी हा प्रश्न टाकला. एक म्हणाला, 'मग घरीच झोपेन.' दुसरी म्हणाली, 'मी तरीही जाईन, पण स्वस्तातल्या ठिकाणी.' हसू आलं, पण दोन्ही उत्तरं प्रामाणिक होती. त्यातून कळतं, की आपण बऱ्याचदा अनुभवासाठी नाही तर आठवणीसाठी पैसे मोजतो. आठवण हा माल. तो घरी न्यायला मिळणार नसेल, तर दुकानात कशाला जायचं?

मला हा प्रयोग उलटा करून बघावासा वाटतो. तुमची आठवण तुमच्याजवळ राहू दे, फोटोही राहू देत. पण तुम्ही जिथे गेलात त्या जागेला तुमचं काय आठवेल? तुम्ही आला होतात याची तिथे काय खूण राहील? आणि ती राहावी अशी असेल का?

अजिंठा या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन बसलेला आहे. १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या चित्रावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. ते नाव आज आपल्या डोळ्यांच्या वर, उंचावर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. किल्ल्यांच्या भिंतींवर बदामात नावं कोरणाऱ्या आपल्या प्रेमवीरांचा हा पूर्वज. त्या जागेने त्याला दोनशे वर्षं लक्षात ठेवलंय, पण कसं, ते बघा.

यापुढची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण ती चांगल्या माणसांची आहे. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ पासून इथे राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करत होता. वर्षानुवर्षांच्या त्या कष्टातली बहुतेक चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, ती १८६६ च्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. नियतीचा खेळ म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. पण तिचा दुसरा भाग मला जास्त टोचतो. प्रतिकृती करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश लावलं गेलं. पुढे निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचा लेप दिला. काळाबरोबर हे थर पिवळे, काळपट पडले, आणि ते उतरवायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना नंतर कित्येक वर्षं खपावं लागलं.

जॉन स्मिथला स्वतःची आठवण तिथे ठेवायची होती. गिल आणि ग्रिफिथ्सना तिथली आठवण इतरांपर्यंत न्यायची होती. एकाचा हेतू उथळ, दुसऱ्यांचा उदात्त. दोन्हींची किंमत भिंतीने मोजली. नेलेल्या प्रतींपैकी कितीतरी जळाल्या. जे उरलं ते भिंतीवर, जखमांसकट.

म्हणून 'फोटो काढू नका, क्षण जगा' असा उपदेश मला करायचा नाही. फोटोने भिंतीला काही होत नाही, फक्त फ्लॅश नको. आणि फोटो काढल्याने लक्ष जातंच असंही नाही. लिंडा हेंकेल या संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना संग्रहालयातून फिरवलं. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून ज्यांनी फोटो काढला, त्यांची आठवण शाबूत राहिली. म्हणजे मुद्दा कॅमेऱ्याचा नाही, थांबण्याचा आहे. मराठीत आपण फोटो 'घेतो' किंवा 'काढतो', लक्ष मात्र 'देतो'. देण्याची बाजू भाषेने आधीच ओळखून ठेवली आहे.

*

लेण्यांतले चित्रकार जाऊन दीड-दोन हजार वर्षं झाली. त्यांना आपलं लक्ष पोचणार नाही. पण काही ठिकाणी ते त्याच क्षणी समोरच्याला पोचतं.

मराठीत नाटकाच्या खेळाला 'प्रयोग' म्हणतात. इंजिनिअरिंगला होतो तेव्हा मला हे गमतीचं वाटायचं, कारण आमच्या लॅबमधल्या प्रयोगाचं उत्तर आधीच जर्नलमध्ये असायचं. नाटकाच्या प्रयोगाचं तसं नसतं. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यप्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे तो साधला की नाही याची, चर्चा आहे. तिथे मोजमाप म्हणून धरलंय ते प्रेक्षकांचं हसू, आसू, दाद, अंगावरचा काटा. चांगला प्रेक्षक कसा असावा याचीही यादी आहे. समोरचा आनंदात असेल तर जो आनंदतो, दुःखात असेल तर दुखावतो, असा माणूस. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, हे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत हेही तिथे मान्य केलेलं आहे. प्रेक्षक एकटा पुरा पडत नाही. म्हणून तर शेजारी शेजारी खुर्च्या.

गेल्या पावसाळ्यात एका छोट्या रंगमंचावर एक प्रायोगिक नाटक पाहायला गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस. सत्तर-ऐंशी खुर्च्यांत आम्ही अठरा जण होतो. मी मोजले, कारण मोजता येत होते. तिसरी घंटा थोडी उशिरा झाली, बहुधा अजून चार जण येतील या आशेने. मग दिवे गेले आणि त्या मुलांनी भरल्या थिएटरात करावं तसं नाटक केलं. पहिल्या विनोदाला शांतता होती. दुसऱ्याला मागच्या रांगेतल्या एका काकांनी खणखणीत हसून दाद दिली आणि एकदम सगळं थिएटर सैलावलं. स्टेजवरच्या मुलीच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला तिसऱ्या रांगेतून दिसला. काकांनी तिकिटाचे पैसे आमच्याएवढेच दिले होते. पण त्या रात्री त्यांनी तिकिटापलीकडचं काहीतरी दिलं.

अठरा जणांत बसलं की एक गोष्ट आपोआप कळते. आपण मोबाइल उघडला तर त्याचा उजेड स्टेजवरून दिसतो. आपण डुलकी घेतली तर तीही दिसते. सबंध आठवडा मी अशा स्क्रीनसमोर असतो, जिला मी असलो काय, नसलो काय, फरक पडत नाही. सिनेमाचंही तसंच. मी झोपलो म्हणून नायक संवाद विसरत नाही. इथे मात्र माझं असणं हा प्रयोगाचा भाग होता. वडिलांची पारावरची जागा काय असेल, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

*

यावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही मला पटतात.

पहिला आक्षेप थकव्याचा. हिंजवडीहून घरी यायला दीड तास लागतो. शनिवारी कपडे, किराणा, बँकेची कामं. त्यात आता 'संस्कृतीला तुमची गरज आहे' हे नवं ओझं कशाला? माणसाला नुसतं पडून राहण्याचा, वेब सिरीज बघण्याचा, 'टाइमपास' करण्याचा अधिकार आहे. आहेच. कोणी कोणाला अपराधी वाटायला लावून नाट्यगृहात आणलं, तर तो प्रेक्षक काय कामाचा? मीही महिन्यातले दोन-तीन रविवार पडूनच असतो. मी बोलतोय ते उरलेल्या एकाबद्दल. बाहेर पडायचंच ठरवलं, तर त्या एका दिवशी कोण म्हणून जायचं, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. पाहुणा व्हायला आधी कोणीतरी 'या, बसा' म्हणावं लागतं. आपल्याकडची कितीतरी सांस्कृतिक ठिकाणं सगळ्यांना असं म्हणत नाहीत. तिकीट कोणालाही मिळतं, पण आत गेल्यावर कुठे हसायचं, कुठे 'क्या बात है' म्हणायचं, कोणते कपडे घालायचे, हे ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय त्यांनाच माहीत असतं. बाकीच्यांना गिऱ्हाईक होणंच सोपं पडतं. गिऱ्हाइकाला निदान कोणी आडनाव विचारत नाही. पैसे मोजून मिळणारी समता ही छोटी गोष्ट नाही, हे मी तालुक्याच्या गावाहून आलेला माणूस म्हणून सांगतो.

पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो तेव्हा हे पुरतं जाणवलं. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव. माझ्या घरात शास्त्रीय संगीत कोणी ऐकत नव्हतं. मी भारतीय बैठकीत एका कडेला बसलो. आजूबाजूला लोक मांडीवर ताल धरत होते, समेवर एकसाथ माना हलत होत्या आणि माझी मान अर्धा सेकंद उशिरा. उठून जावं असं वाटत होतं, तेवढ्यात शेजारच्या आजी किंचित सरकल्या आणि म्हणाल्या, 'नीट मांडी घालून बस रे. गाण्याकडे नंतर बघ, आधी नुसता तंबोरा ऐक.' थोड्या वेळाने डब्यातली वडी पुढे केली. त्या रात्रीचे राग मला सांगता येणार नाहीत. तंबोरा मात्र तेव्हापासून मला ऐकू येतो. त्याआधी तो कानावर पडत होता.

दोन्ही आक्षेपांचं उत्तर मला त्या सरकण्यात दिसतं.

सुरुवातीला विचारलं होतं, की देणं असेल तर फेडायचं कोणाला. आपल्या परंपरेत ऋणांची एक जुनी कल्पना आहे : देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. वेदवाङ्मयातली मूळ मांडणी यज्ञ, अध्ययन आणि वंश यांच्याभोवती आहे आणि ती काही सगळ्या माणसांसाठी केलेली नव्हती. तो भाग मला मान्य नाही. पण तिच्यातली एक गोष्ट चलाख आहे. पितृऋण बापाला परत देऊन फिटत नाही. ते पुढच्या पिढीच्या बाजूने फिटतं. ऋषींकडून मिळालेलं ज्ञान ऋषींना परत करता येत नाही, ते शिकावं लागतं, चालू ठेवावं लागतं. ज्याच्याकडून घेतलं त्यालाच द्यायचं, हा बाजाराचा हिशेब. घेतलं मागच्याकडून आणि दिलं पुढच्याला, हा वेगळा हिशेब. त्यात वसुली होत नाही आणि खातं बंदही पडत नाही.

आजींनी मला जागा करून दिली. त्यांना कधीकाळी कोणीतरी करून दिली असेल. मी त्यांना काही परत देऊ शकत नाही, त्यांचं नावही मला माहीत नाही. पण पुढच्या डिसेंबरात ऑफिसातला एक ज्युनिअर माझ्यासोबत आला आणि त्याची मान अर्धा सेकंद उशिरा हलत होती, तेव्हा काय करायचं हे मला ठाऊक होतं. मी वडी नेली नव्हती, शेंगदाण्याचे लाडू होते.

*

आता प्रवासाकडे परत येतो. लांबचा प्रवास आपल्याला पाहुणा व्हायला शिकवतो, यात शंका नाही. अनोळखी गावात आपण हळू चालतो, दुकानाच्या पाट्या वाचतो, चहाची चव लक्षात ठेवतो, रस्ता विचारताना आवाज आपोआप मऊ होतो. पण लांबच्या जागेची एक मर्यादा आहे. तिथे आपण एकदाच जातो. 'आता तुम्ही या' म्हणायला समोर कोणी नसतं आणि 'आम्ही परत येऊ' हे आपण म्हणतो ते बहुतेक वेळा खरं नसतं. एका भेटीत ओळख होते, नातं होत नाही.

नात्यासाठी मराठीत शब्द आहे, येणं-जाणं. 'त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं आहे' यात सगळं आलं. किती वेळा, कशासाठी, काय खाल्लं, हे कोणी विचारत नाही. आमच्या क्षेत्रात 'रिटेन्शन' नावाचं एक मोजमाप असतं. एकदा आलेला यूजर पुन्हा किती दिवसांनी परतला, याचा आलेख. तो वर चढावा म्हणून आम्ही नोटिफिकेशन पाठवतो, सवलती देतो, लाल ठिपके दाखवतो. येणं-जाणं हे रिटेन्शनसारखंच दिसतं, फरक इतकाच की तिथे लाल ठिपका नसतो. आपण जातो, कारण बरेच दिवसांत गेलो नाही.

आणि येणं-जाणं फक्त जवळच्या जागेशीच ठेवता येतं. लडाखशी मला ते जमणार नाही. बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाशी जमतं.

हे संग्रहालय दिनकर केळकरांनी उभं केलं. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून वस्तू जमवत राहिला. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला आणि पुढे सगळा संग्रह त्याच्या नावाने लोकांचा झाला. सुमारे वीस हजार वस्तू, त्यांतल्या थोड्याच मांडता येतात. आणि वस्तू कसल्या? राजांचे मुकुट वगैरे फारसं नाही. दिवे, अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री, वाद्यं, कोरीव दारं. कोणाच्या तरी घरात रोज हाताळलेल्या गोष्टी. दुसरा प्रवासी आठवणी गोळा करून स्वतःच्या कपाटात ठेवतो. या माणसाने प्रवासात गोळा केलेलं सगळं दुसऱ्यांसाठी दार उघडून मांडलं. ज्याला ते दाखवायचं होतं तो मुलगा नव्हता, म्हणून जो येईल त्याला दाखवलं. पुढच्याच्या बाजूने फेडणं म्हणजे काय, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे मजले दोन तासांत पाहिले, म्हणजे पैसा वसूल. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फक्त अडकित्ते पाहिले. सुपारी कातरायच्या एवढ्याशा हत्याराला कोणीतरी घोडा केलंय, कोणी पक्षी, कोणी बाईमाणूस. रोजच्या कामाच्या वस्तूवर एवढा जीव लावायला त्या माणसाला वेळ कुठून मिळाला असेल, हा प्रश्न घेऊन घरी आलो. तिसऱ्यांदा गेलो तो आई-वडील पुण्याला आले तेव्हा. आता मी यजमान होतो आणि ते पाहुणे. वडील दिव्यांपाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, 'अशीच एक लामणदिवी तिथे होती, मुक्कामी गावच्या देवळात.' आणि त्या गावाबद्दल मी कधीच न ऐकलेल्या दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. केळकरांच्या दिव्याखाली माझ्या वडिलांचा प्रवास मला थोडा जास्त दिसला.

म्हणून मला वाटतं, आठवण ही तिजोरीत ठेवायची वस्तू नाही. तिचं व्याज वाढतं ते वापराने. सांगितल्याने, पुन्हा गेल्याने, कोणाला तरी सोबत नेल्याने. लांबच्या सहलींवर खर्च करायला माझी ना नाही. पुढच्या वर्षी हंपीला जायचा बेत माझाही आहे. पण तिथे जे डोळे घेऊन आपण फिरणार, ते इथेच, बसच्या दोन स्टॉपांवर, तयार होतात. तिथे कोणत्या तरी खोलीत आज संध्याकाळी तंबोरे लागत असतील, कोणत्या तरी छोट्या रंगमंचावर तिसरी घंटा अजून चार जणांसाठी थांबलेली असेल.

तुम्ही गेलात आणि जागा नसेल, तर सांगा, 'जरा सरका.' तुम्ही आधीच बसलेले असाल, तर कोणी सांगायच्या आत सरका.